स्पीकरची जागा

लोक स्पीकर निवडायला वर्ष लावतात आणि ठेवायला पाच मिनिटं. मग तो बिचारा कपाटावर, फुलदाणीच्या शेजारी, नाहीतर कोपऱ्यात पडदा अंगावर घेऊन उभा राहतो, आणि घरमालक मला फोन करून विचारतो की आवाज पिंपातून आल्यासारखा का येतो. माझा धंदा एवढाच. मी स्पीकर विकत नाही, दुरुस्तही करत नाही. मी ते हलवतो. वीतभर पुढे, चार बोटं डावीकडे, किंचित आत वळवून. खाली रबर, कधी बूच, कधी वाळूने भरलेला ठोकळा. दोन तासांनी त्याच स्पीकरमधून गाणारी बाई खोलीच्या मधोमध येऊन उभी राहते, आणि घरमालक माझ्याकडे जरा संशयाने बघतो, कारण त्याच्या मते मी फक्त सामान सरकवलेलं असतं.

या कामात सव्वीस वर्षं गेली. आवाजाला कारण असतं, यावर माझा अजूनही विश्वास आहे. म्हणूनच जे घडलं ते पदरचं काही न घालता, क्रमाने सांगतो.

गेल्या वर्षी एका मंगळवारी ताईचा फोन आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि शाळेची मुख्याध्यापिका. फोनवरही ती फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलते. बाबांना जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. आई जुन्या घरात एकटीच राहत होती आणि रोज चार ते पाच बाबांचे स्पीकर लावून बसत होती. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्या तासात त्यांच्या ट्रेमधली हत्यारं आपोआप किणकिणायची, आणि आ करून बसलेले पेशंट दचकायचे. डॉक्टर सभ्य माणूस, त्यांनी दोनदा तोंडी सांगून पाहिलं आणि तिसऱ्यांदा चिठ्ठी पाठवली. ताईचं म्हणणं असं की मी ते थांबवावं, नाहीतर महिनाअखेर ती आईला आपल्याकडे घेऊन जाईल.

"दहा वर्षं झाली, तिला काडीचं ऐकू येत नाही," ताई म्हणाली. "तिला गाणी हवीत कशाला? सवय म्हणून लावते. एका सवयीपायी तिला एकटं ठेवायचं का आपण?"

आईला ते घर सोडायचं नव्हतं. तिने तसं आम्हा दोघांना तीनदा सांगितलं होतं, आणि आई ही कोणतीही गोष्ट एकदाच सांगणारी बाई आहे. मी ताईला म्हटलं, एका दुपारचं काम आहे, उरकून टाकतो.

घर दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, तिसऱ्या पायरीला थोडा खळगा. आत लाकडी फळ्यांची जमीन, आई आठवड्यातून एकदा मेण लावून चमकवते ती. मी जिना चढलो की आई दार उघडते. तिला बेल ऐकू येत नाही आणि आम्हाला बेलची गरज पडत नाही, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. त्या दिवशीही मी शेवटच्या पायरीवर पोचायच्या आत ती दारात उभी होती. अनवाणी, नेहमीसारखी.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींची गच्चीवरची मशीनघरं त्यांना पाठ होती. लिफ्टची मोटर जाड रबरी चकत्यांवर बसवतात, नाहीतर तिची घरघर भिंतींतून उतरून प्रत्येक बिऱ्हाडात जाते. मोटर कोणीही बसवेल, चकती बसवायला डोकं लागतं, असं ते म्हणायचे. मी जन्मलो त्या वर्षी त्यांनी लिफ्टच्या जुन्या केबिनचं लाकूड आणून दोन स्पीकरच्या पेट्या स्वतः ठोकल्या, आणि त्याच चकत्यांवर बसवल्या. सुट्टीच्या दिवशी आमचा एक खेळ असायचा. बाबा एक रेकॉर्ड लावायचे, तिच्यावर गाणं नव्हतं, फक्त एक सूर होता, खालून हळूहळू वर चढत जाणारा. तो चढला की खोलीतली एकेक वस्तू आपापल्या सुराला खडखडायला लागे. खिडकीची काच, दिव्याची शेड, कपाटातले पेले, आईचा बटणांचा डबा. मी धावत जाऊन एकेका वस्तूवर हात ठेवायचा. ज्याला हात लावल्यावर खडखड बंद होई तो चोर. "हात लाव, गप्प बसतंय का बघ," एवढंच ते खुर्चीतून म्हणायचे. गळ्यात काही नाही म्हणून त्यांनी माझं नाव कानसेन ठेवलं होतं. त्या दुपारी आठवल्या की त्यांच्या बोटांना येणारा ग्रीसचा वास अजून माझ्या नाकाशी येतो, आणि खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात त्याहून सुखाचा वास दुसरा नाही.

याच माणसाने दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या स्पीकरखालच्या चकत्या काढून टाकल्या. पेट्या थेट जमिनीवर ठेवल्या. एक खिडकीकडच्या भिंतीला चिकटवून, दुसरी समोरच्या बाजूला, मागे पाचर लावून तोंड खाली झुकवलेली. दोघींची तोंडं एकमेकींकडे नाहीत, ऐकणाऱ्याकडे नाहीत, एकीचं तर चक्क जमिनीकडे. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाला बाबांच्या पेट्या दाखवायला मोठ्या हौसेने घरी घेऊन आलो होतो. ती मांडणी बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसासमोर मी हसत म्हणालो, साठी बुद्धी नाठी. बाबा चिडले नाहीत. "ते माझ्यासाठी नाही लावलेत, कानसेन," एवढंच म्हणाले. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. नंतरही नाही.

दोन खुर्च्या अजून तशाच शेजारी शेजारी होत्या, बाबांची खिडकीच्या बाजूला. आईसाठी आम्ही एक लिहायची वही ठेवतो. मी तिच्यात लिहिलं, खालच्यांना त्रास होतोय, पेट्या नीट लावतो, आवाज उलट सुधारेल. आईने ते दोनदा वाचलं.

"यांनी खूप दिवस घालवले होते त्या जागेसाठी," ती म्हणाली. आपला आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती फार हळू बोलते. मी लहान मुलापुढे डोलावतात तशी समजुतीची मान डोलावली. ती चहा टाकायला आत गेली.

मी आधी बाबांची ती सुराची रेकॉर्ड लावली. कुठलंही काम मी तिथूनच सुरू करतो. सूर चढत गेला आणि ओळखीची मंडळी एकेक करून बोलायला लागली. काचेच्या फटीत कागदाची घडी घातली. दिव्याच्या शेडचा स्क्रू आवळला. पेले एकमेकांपासून दूर केले. अर्ध्या तासात खोली गप्प झाली, एक आवाज सोडून. खालच्या एका सुराला कुठेतरी एक बारीक गुणगुण उठत होती, कोणी ओठ मिटून सूर लावावा तशी. सूर पुढे गेला की ती थांबे, मागे आणला की पुन्हा येई.

मी हात लावत फिरलो. भिंत नाही, पडद्याची दांडी नाही, घड्याळ नाही. आवाज बाबांच्या खुर्चीकडून येत होता. मी पाठीवर हात ठेवला, आवाज चालू. बैठकीवर ठेवला, चालू. खुर्चीच्या उजव्या हातावर ठेवला, चालू. मग हात वर उचलताना, खुर्चीच्या हाताच्या वर साधारण दोन वीत, नुसत्या हवेत, गुणगुण एकदम थांबली.

हात काढला. सुरू झाली. हात नेला. थांबली.

याला कारण असू शकतं. बंद खोलीत आवाजाच्या लाटा भिंतींवरून परत फिरतात आणि काही ठिकाणी एकमेकींना फुगवतात. अशा ठिकाणी काही आडवं आलं की फरक पडतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावतो. मी त्या जागी उशी धरून पाहिली. गुणगुण चालूच. वहीचा पुठ्ठा धरला, चालूच. पुन्हा तळहात नेला आणि ती थांबली. हाताला काही लागलं नाही. फक्त चहाच्या कपाजवळ धरल्यासारखा तळहात कोमट झाला. मी माझ्या कामाच्या वहीत लिहिलं, 'खुर्ची, उजवी बाजू, कारण सापडलं नाही', आणि पुढच्या कामाला लागलो. आईला काही सांगितलं नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. पेटी हलवण्याआधी तिच्या चारी पायांशी चिकटपट्टी लावून जुनी जागा दाखवायची. गिऱ्हाइकाला नवी जागा पटली नाही तर निमूट जुनी परत देता आली पाहिजे. मी हे नवशिक्यांना दरडावून सांगतो. त्या दिवशी मी खुणा केल्या नाहीत. धडधडीत चुकीच्या जागेची खूण कोण ठेवतं? मी पाचर पायाने बाजूला सारली आणि पेट्या उचलल्या.

बाबांच्या डब्यात जुन्या चकत्या होत्या. त्याच वापरल्या. पेट्या भिंतीपासून हातभर पुढे घेतल्या, कानाच्या उंचीला आणल्या, दोघींचं आणि आईच्या खुर्चीचं अंतर टेपने सारखं केलं. मग आमच्या लहानपणची एक रेकॉर्ड लावली. गाणारी बाई आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिचा श्वास, ओळ सुरू होण्याआधीचं ओठ उघडणं, मागच्या हार्मोनियमवाल्याच्या खुर्चीची कुरकुर, सगळं जिथल्या तिथे. लहानपणी शंभरदा ऐकलेलं ते गाणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असं वाटलं, आणि मला रडू आलं. बघा बाबा, मी मनात म्हटलं, हे असं वाजतं.

चार वाजले. आई येऊन आपल्या खुर्चीत बसली, पावलं जमिनीवर सपाट ठेवून. मी पहिलं गाणं पुन्हा लावलं आणि खाली दवाखान्यात गेलो.

डॉक्टर मास्क हनुवटीखाली ओढून उभे होते. ट्रेमधली हत्यारं ढिम्म हलत नव्हती. मी ट्रेच्या कडेला बोट लावून पाहिलं, काही नाही. डॉक्टरांनी मनापासून आभार मानले. मग त्यांनी वर छताकडे पाहिलं.

"गाणं मुळीच येत नाही आता," ते म्हणाले. "आई फिरतायत बहुतेक."

मीही ऐकलं. वर कोणीतरी चालत होतं. सावकाश, टाच आधी टेकवत. आईचं वजन चिमणीएवढं आहे, ती चालते तेव्हा फळीसुद्धा वाजत नाही. मला वाटलं, जड काहीतरी उचलून नेत असेल. मी वर गेलो.

दार लोटलेलं होतं, माझ्यासाठी कोणी उघडलं नव्हतं. आई खुर्चीत होती, मी सोडून गेलो तशीच, हात मांडीवर ठेवून. रेकॉर्ड फिरत होती. गाणं इतकं सुरेख वाजत होतं की मी क्षणभर दारातच थांबलो.

"लाव ना आता," आई मला म्हणाली.

मी फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बोट दाखवलं. तिने रेकॉर्डकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने उजव्या पावलाने जमिनीवर हलकेच थोपटलं.

"इथे काही येत नाही," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं. दहा वर्षांपूर्वी तिचे कान गेले आणि दहा वर्षांपूर्वीच त्या पेट्या जमिनीवर आल्या, हे दोन्ही मला वेगवेगळं माहीत होतं. कानावर पोट भरणाऱ्या माणसाला ते एकत्र दिसलं नाही. कंप कुठून शिरतो, कुठून वाहतो आणि कुठे अडतो हे उभं आयुष्य शिकलेल्या माणसाने तिच्यासाठी ती जमीन लावून दिली होती. त्याच्यावर मी एका परक्यासमोर हसलो होतो. मला इतकी शरम वाटली की मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

मी वहीत घाईघाईने लिहिलं, लगेच परत खाली ठेवतो. तिने वही वाचलीच नाही. ती जमिनीकडे बघत होती.

"हे उठलेत," ती म्हणाली.

मी लिहिलं, कोण?

या पोराला काही कळत नाही असं तिच्या चेहऱ्यावर आलं. मग तिने सांगितलं, स्वयंपाकघरातली गोष्ट सांगावी इतक्या साधेपणाने. बाबा गेल्यावर आठ दिवस तिने काही लावलं नव्हतं. नवव्या दिवशी चार वाजता जीव रमेना म्हणून रेकॉर्ड लावली. गाणं पायात आलं आणि शेजारच्या खुर्चीखालून त्यांची टाचही आली. गाणं ऐकताना बाबा टाच आपटायचे. ती त्यांची सवय होती आणि तिच्या तळव्यांना ती पाठ होती. त्या दिवसापासून एक दिवस चुकला नाही.

"गाण्याचं एवढं काही नाही रे मला," ती म्हणाली. "मी तेवढ्यासाठी बसते. पण त्यांनाही खालूनच ऐकू येतं वाटतं. आता येईना, तर शोधतायत."

मी गुडघ्यांवर बसलो आणि तळहात फळीवर टेकवला.

पावलं होती. खिडकीपाशी गेली आणि थांबली. कपाटापाशी गेली, थांबली. दिव्यापाशी. मग घड्याळापाशी. प्रत्येक वस्तूपुढे हात लावून बघण्याइतका वेळ. तो वेळ मला माहीत होता.

खोलीत आम्ही दोघंच होतो. खिडकीतून चारचं ऊन आत आलेलं होतं आणि फळ्या रिकाम्या होत्या.

पावलं वळली. माझ्याकडे आली.

माझ्या हाताखालची फळी थोडी दबली. कोणी जवळ येऊन उभं राहिलं की जुनी फळी दबते, तेवढीच.

मी हात काढला नाही. मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण ग्रीसचा वास यावा म्हणून मी खोल श्वास घेत वाट पाहिली. वास आला नाही. थोड्या वेळाने फळी वर आली आणि पावलं पुन्हा खिडकीकडे गेली.

मी चकत्या उपटून काढल्या, पेट्या भिंतीकडे नेल्या, पाचर सरकवली. आईने पावलं टेकवली आणि मान हलवली. काहीतरी येत होतं, पण ते नाही, गढूळ. मी जमिनीवर वाकून जुन्या खुणा शोधल्या. पेटीच्या पायांचे खळगे फळ्यांत होते, पण एका जागेचे नव्हते. शंभरेक तरी असतील, बोटाबोटाच्या अंतरावर, सगळे मेणाने भरून सारखे झालेले. बाबांनी ती जागा किती दिवस शोधली होती ते मला तेव्हा दिसलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी पायाकडे लक्ष देत होते. पेटीकडे यांचं लक्ष असायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी रोज चारला तिथे जाऊ लागलो. खालच्या डॉक्टरांना मी फक्त एवढंच सांगितलं की आईला पायांनी ऐकू येतं. ते म्हणाले, चार ते पाच मी चहा पीत जाईन, पेशंट पाचनंतर घेईन. ताईलाही मी तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, मग महिनाअखेरपर्यंत बघ. पण आता प्रश्न ताईचा नव्हता. तिसऱ्या दिवशी आईच मला म्हणाली, "हे नसतील तर मी इथे कशाला राहू?" ज्या घरासाठी ती दोन्ही मुलांशी भांडली होती ते घर मी एका दुपारी तिच्यापुरतं रिकामं करून ठेवलं होतं.

मी पेटी बोटभर सरकवायचो आणि आईकडे बघायचो. ती डोळे मिटून हात हलवायची. नाही. पाचर थोडी आत. नाही. पहिला आठवडा ती दर वेळी सांगायची की फिरतायत. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, दाराशी आहेत. एकदा डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून विचारलं की पायऱ्यांवर कोणी थांबून राहतं का. मी नाही म्हणालो. त्यानंतर आईने सांगणं बंद केलं. मी तळहात टेकवून पाहायचो, हाताला नुसतं लाकूड लागायचं. एक दिवस मी गेलो तर पलंगावर तिची बॅग उघडी होती आणि ती साड्या घड्या करून भरत होती. बाबांचा एक स्वेटरही तिने आत ठेवला होता. मी तिला थांबवू शकलो नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार?

ताई यायला दोन दिवस राहिले असताना जागा सापडली. मला ती अक्कलहुशारीने सापडली नाही. दमून खिडकीकडची पेटी टेकवली आणि आईने हात वर केला. मी हललो नाही. तिच्या चेहऱ्यावरून दहा वर्षं उतरली. ओठ हलायला लागले, गाण्याचे शब्द बरोबर जिथल्या तिथे. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्याच पेटीचा पाय धरून तसाच बसून राहिलो.

मग तिचे ओठ थांबले.

"दारातून कोणी आलं," ती म्हणाली.

मी तळहात टेकवला. पावलं होती. टाच आधी, सावकाश. ती खिडकीपाशी गेली नाहीत, कपाटापाशी गेली नाहीत. सरळ बाबांच्या खुर्चीकडे आली. फळी दबली. थोड्या वेळाने खुर्चीखालून टाच वाजायला लागली.

मी मोठ्याने "बाबा" म्हणालो. मला लाज वाटली नाही. तीन आठवड्यांचं ओझं उतरलं आणि मी जमिनीवर डोकं टेकून पोरासारखा रडलो. कपाळाखाली टाच वाजत होती. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक ठोका गाण्याच्या ठेक्यावर अचूक, केसाचाही फरक नाही.

मी डोकं वर केलं तेव्हा आई हसत नव्हती. ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे मुळीच बघत नव्हती. समोर बघत होती, ताठ.

"यांना जन्मात कधी ठेका धरता आला नाही," ती म्हणाली. "टाच नेहमी मागून पडायची. लग्न झाल्यापासून मी हसत आले त्याला. हा पाय यांचा नाही."

मी सुई उचलायला हात पुढे केला. तिने माझं मनगट पकडलं.

"बंद करू नकोस," ती म्हणाली. "उठेल तो."

मी रेकॉर्डकडे पाहिलं. त्या बाजूचं शेवटचं गाणं चालू होतं, आणि तेही अर्ध्याच्या पुढे गेलं होतं. आईने दोन्ही पाय जमिनीवरून हळूच उचलले आणि खुर्चीत पोटाशी घेतले.